जकातीचा वाद आणि स्थितिवादी दृष्टि

जकात हा विषय सामान्यतः रुक्ष समजला जातो. व्यापारी, कारखानदार आणि खजिन्याचे अधिकारी यांनीं त्याचा विचार करावा, इतरांनीं वर्तमानपत्राचें तें पान उलटून पुढें जावें, अशी बहुतेकांची वहिवाट असते. परंतु २ एप्रिल २०२५ रोजीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनीं जगांतील बहुतेक सर्व देशांच्या मालावर नव्या जकाती जाहीर केल्या, आणि हा रुक्ष विषय एका दिवसांत घरोघरच्या बोलण्यांत आला. सर्व आयातीवर किमान शेंकडा १० आणि निरनिराळ्या देशांच्या मालावर त्याहून चढते दर, असें त्या घोषणेचें स्वरूप होतें. विरोधी पक्षानें तिच्यावर टीका केली यांत नवल नाहीं. नवल हें कीं, स्वतःस स्थितिवादी म्हणविणाऱ्यांतच फूट पडली. त्याच दिवशीं अमेरिकेच्या सेनेट सभेनें, ज्या आणीबाणीच्या घोषणेवर कॅनडावरील जकाती आधारल्या होत्या ती संपुष्टांत आणावी, असा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनीं संमत केला. आणि त्या ५१ मतांत राष्ट्राध्यक्षांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या चार सभासदांचीं मतें होतीं.

एकाच परंपरेंत वाढलेलीं माणसें एकाच प्रश्नावर दोन टोकांना कां जावींत, हें कळल्यावांचून आजच्या जागतिक राजकारणाचा नीट उलगडा होत नाहीं. या फुटीचें कारण पुष्कळ लोक ट्रंप यांच्या स्वभावांत शोधतात. पण ट्रंप यांचा जन्म १९४६ चा. आणि जकातीच्या वादानें इंग्लंडांतील हुजूर पक्ष दुभंगला तो १८४६ सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षें आधीं. तेव्हां रोगाचें मूळ व्यक्तीच्या स्वभावाहून खोल असलें पाहिजे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. इंग्रजीतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाला मराठींत कोणी सनातनी म्हणतात, कोणी पुराणमताभिमानी म्हणतात. इंग्लंडांतील त्या नांवाच्या पक्षाला आमचीं वर्तमानपत्रें पुष्कळ दिवस हुजूर पक्ष म्हणत आलीं. या तिन्ही शब्दांत थोडासा उपहास आहे. जुनें तें सोनें म्हणून डोळे मिटून बसणारा मनुष्य, असें चित्र त्यांतून उभें राहतें. वस्तुतः स्थितिवादी विचाराचा गाभा निराळा आहे. समाज ही एका पिढीनें कागदावर आंखलेली इमारत नव्हे; अनेक पिढ्यांच्या अनुभवानें, चुकांनीं आणि दुरुस्त्यांनीं वाढलेला तो वृक्ष आहे; म्हणून त्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं त्याच्या सावलींत कोण बसलें आहे हें पाहावें, आणि छाटणी करावयाचीच तर ती हलक्या हातानें व क्रमाक्रमानें करावी, एवढाच त्याचा आग्रह असतो. बदल नको असें तो म्हणत नाहीं. बदल करणाऱ्यानें त्याची गरज सिद्ध करून दाखवावी, असें तो म्हणतो.

या विचाराचा आद्य आचार्य एडमंड बर्क हा समजला जातो. फ्रान्सांतील राज्यक्रांतीवर १७९० सालीं त्यानें लिहिलेला टीकाग्रंथ जगप्रसिद्ध आहे. हिंदुस्थानांतील वाचकांना तो दुसऱ्या एका कारणानें परिचित आहे. वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर १७८८ पासून १७९५ पर्यंत पार्लमेंटपुढें जो खटला चालला त्याचा मुख्य फिर्यादी बर्कच होता. दूरच्या देशांतील प्राचीन संस्था व रूढि एका व्यापारी कंपनीच्या नोकरांनीं पायाखालीं तुडवाव्या हें त्यास असह्य झालें. हेस्टिंग्ज शेवटीं निर्दोष सुटला; पण सत्ता कितीहि दूर असली तरी ती कायद्याला जबाबदार आहे, हें तत्त्व त्या खटल्यानें जगापुढें मांडलें.

याच बर्कचें व्यापाराविषयींचें मत काय होतें? आयर्लंडच्या व्यापारावरील बंधनें सैल करावींत असा त्यानें १७७८ च्या सुमारास पुरस्कार केला. त्याचा मतदारसंघ ब्रिस्टल या बंदराचा. आयर्लंडचा माल मोकळेपणानें येऊं लागला तर आपला धंदा बसेल अशी तेथील व्यापाऱ्यांस धास्ती. त्यांचा रोष पत्करूनहि बर्क आपल्या मतापासून ढळला नाहीं, आणि १७८० सालीं त्याला ब्रिस्टलची जागा सोडावी लागली. सरकारनें बाजारांत शक्य तों हात घालूं नये, हा त्याचा सिद्धान्त. म्हणजे स्थितिवादाच्या मुळाशींच खुल्या व्यापाराकडे कल आहे असें म्हणावें लागतें.

परंतु त्याच मुळाला दुसराहि एक फांटा फुटतो. शेतकरी, गांव, देऊळ, धंदा, शेजार हीं समाजाचीं बंधनें टिकलीं पाहिजेत असें ज्यास वाटतें, त्यानें बाजाराच्या एका झपाट्यानें तीं तुटतांना स्वस्थ बसून पाहावें काय? सरकारच्या हस्तक्षेपाविषयीं अविश्वास हा एक फांटा आणि नांदत्या समाजाविषयीं ममत्व हा दुसरा. सुबत्तेच्या काळांत हे दोन्ही एकत्र नांदतात. जकातीचा प्रश्न आला कीं ते परस्परांवर उलटतात.

इंग्लंडांतील धान्य-कायद्यांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ सालीं संपलें आणि परदेशचा स्वस्त गहूं येऊं लागेल अशी भीति जमीनदारांस वाटली. त्या सालीं कायदा झाला कीं, देशांतील गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशचा गहूं विक्रीस येऊं द्यावयाचा नाहीं. पुढें या कायद्याचें स्वरूप बदललें, पण हेतु तोच राहिला. जमीनदाराचें रक्षण झालें; गिरणींतल्या मजुराची भाकरी महागली. मँचेस्टर येथें रिचर्ड कॉब्डेन व जॉन ब्राइट यांनीं या कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ उभारली. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडला व दुष्काळ ओढवला. मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील हे हुजूर पक्षाचे पुढारी. जमीनदारांच्या पाठबळावर निवडून आलेले. तरी धान्य-कायदे आतां टिकवितां येत नाहींत असा त्यांचा निश्चय झाला, आणि १८४६ च्या जून महिन्यांत ते रद्द करणारें बिल पार्लमेंटांत संमत झालें. पील यांच्या पक्षाच्या बहुसंख्य सभासदांनीं त्यांच्या विरुद्ध मत दिलें; बिल पार पडलें तें विरोधकांच्या मतांवर. ज्या रात्रीं लॉर्ड्स सभेनें बिल मान्य केलें त्याच रात्रीं कॉमन्स सभेंत आयर्लंडविषयक दुसऱ्या एका बिलावर पील यांचा पराभव झाला व त्यांचें मंत्रिमंडळ गेलें.

पील यांच्यावर तुटून पडणाऱ्यांचा वाक्पटु म्होरक्या बेंजामिन डिझरायली हा होता. शेतीवर उभा असलेला इंग्लंडचा ग्रामीण समाज या एका बिलानें नष्ट होईल असें त्याचें म्हणणें. पक्ष असा फुटला कीं, कॉमन्स सभेंत पुन्हा स्वतःचें भक्कम बहुमत मिळण्यास त्याला १८७४ साल उजाडावें लागलें. आणि गंमत अशी कीं, १८५२ सालीं डिझरायली स्वतः अर्थमंत्री झाला तेव्हां त्यानेंहि धान्यावरील जकात परत आणली नाहीं. लोकांना स्वस्त पावाची संवय झाली होती.

तर मग खरें कोण ठरलें? पहिलीं पंचवीस-तीस वर्षें पील खरे ठरले. शेतीचा सर्वनाश झाला नाहीं, भरभराटच झाली. परंतु १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मैदानांतील गहूं आगगाडीनें बंदरापर्यंत व आगबोटीनें इंग्लंडपर्यंत अत्यंत स्वस्तांत येऊं लागला, तेव्हां इंग्लंडची धान्यशेती खरोखरच खचली. शहरांतला मजूर सुखी झाला आणि खेड्यांतला मजूर देशोधडीस लागला. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें. जकातीच्या प्रश्नाचा निकाल पांच वर्षांत लागत नसतो, एवढें या इतिहासावरून दिसतें.

पुढें हाच खेळ पुन्हा रंगला. १९०३ च्या मे महिन्यांत बर्मिंगहॅम येथें जोसेफ चेंबरलेन यांनीं साम्राज्यांतील मालाला सवलत व बाहेरच्या मालावर जकात, या धोरणाचा पुकारा केला. पक्ष पुन्हा फुटला. तरुण विन्स्टन चर्चिल १९०४ सालीं याच प्रश्नावर हुजूर पक्ष सोडून उदारमतवादी पक्षांत गेला. १९०६ च्या निवडणुकींत विरोधकांनीं खुल्या व्यापाराचा मोठा पाव व जकातीचा लहान पाव यांचीं चित्रें भिंतीभिंतींवर लावलीं आणि हुजूर पक्षाचा धुव्वा उडाला. पण १९३२ सालीं जागतिक मंदीच्या तडाख्यांत जोसेफ चेंबरलेन यांचेच चिरंजीव नेव्हिल यांनीं अर्थमंत्री या नात्यानें बहुतेक आयातीवर शेंकडा १० जकात बसविली. वडिलांच्या हयातींत ज्या धोरणानें पक्ष बुडाला, तें मुलाच्या काळांत फारशी खळबळ न होतां अमलांत आलें.

अमेरिकेचा इतिहास याच्या उलट दिशेनें गेला. तेथें संरक्षक जकात हेंच जुनें धोरण. १७९१ सालीं अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं नव्या राष्ट्राच्या कारखान्यांविषयींचा अहवाल काँग्रेसला सादर केला तेव्हांपासून तें चालत आलें. लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष संरक्षणवादीच होता. ट्रंप ज्यांचें नांव वारंवार आदरानें घेतात ते विल्यम मॅकिन्ले हे १८९० च्या प्रसिद्ध जकात कायद्याचे जनक. तेव्हां अमेरिकन स्थितिवाद्यानें जकातीची बाजू घेतली तर ती परंपरा सोडून आहे असें म्हणतां येणार नाहीं.

या परंपरेला मोठा धक्का बसला तो १९३० सालीं. सेनेटर स्मूट व प्रतिनिधि हॉली यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें शेंकडों वस्तूंवरील जकाती वाढविल्या. हजारांहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनीं त्यावर सही करूं नये अशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांस विनंति केली; त्यांनीं १७ जून १९३० रोजीं सही केली. कॅनडा व युरोपांतील राष्ट्रांनीं उलट जकाती बसविल्या. मंदी त्या कायद्यामुळें आली असें नाहीं; ती आधींच सुरू झाली होती. परंतु आजारी माणसाचें पांघरूण ओढून घ्यावें तसें तें झालें. स्मूट व हॉली दोघांनींहि १९३२ सालीं आपल्या जागा गमावल्या. १९३४ पासून अमेरिका परस्पर करारांनीं जकाती उतरविण्याच्या मार्गाला लागली. आणि ३० ऑक्टोबर १९४७ रोजीं जिनिव्हा येथें २३ देशांनीं जकात व व्यापार यांविषयींच्या सर्वसाधारण करारावर सह्या केल्या. नुकताच स्वतंत्र झालेला भारत त्यांपैकीं एक होता. त्याच करारांतून १ जानेवारी १९९५ रोजीं जागतिक व्यापार संघटना जन्मास आली.

जकात प्रत्यक्षांत कोण भरतो हेंहि येथें स्पष्ट केलें पाहिजे, कारण त्याविषयीं पुढारीच लोकांचा गैरसमज करून देतात. जकात परदेश भरतो असें सांगण्यांत येतें. वस्तुतः माल बंदरांत उतरला कीं तिजोरींत पैसे भरतो तो मागविणारा देशी व्यापारी. मग तो भार तिघांत वांटला जातो: कांहीं परदेशी विक्रेता किंमत उतरवून सोसतो, कांहीं व्यापारी आपल्या नफ्यांतून सोसतो, आणि उरलेला गिऱ्हाइकाच्या माथीं बसतो. कोणाच्या वांट्यास किती येईल तें मालाला पर्याय आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतें.

याचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेंतील कपडे धुण्याच्या यंत्रांचें आहे. २०१८ च्या आरंभीं त्यांच्या आयातीवर जकात बसली. अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें हिशेब केला तेव्हां असें आढळलें कीं, यंत्रांच्या किंमती शेंकडा १२ च्या आसपास चढल्या. एवढेंच नव्हे, तर कपडे वाळविण्याच्या यंत्रांवर मुळींच जकात नसतां त्यांच्याहि किंमती तितक्याच चढल्या. कारण हीं दोन यंत्रें जोडीनें विकलीं जातात आणि दुकानदारांनीं वाढ दोहोंवर वांटून टाकली. दुसऱ्या बाजूस दोन कोरियन कंपन्यांचे कारखाने अमेरिकेंतच, दक्षिण कॅरोलिना व टेनेसी या संस्थानांत, सुरू झाले आणि सुमारे १८०० लोकांस काम मिळालें. पण गिऱ्हाइकांनीं जास्त मोजलेल्या पैशाचा हिशेब केला तर दर नोकरीमागें सालीना ८ लक्ष डॉलरांहून अधिक खर्च पडला. या आंकड्यापुढें जकातीची तरफदारी करणें कठीण आहे, हें प्रामाणिक स्थितिवाद्यानें मान्य केलेंच पाहिजे.

तथापि आंकड्यांनीं सर्वच गोष्टी मोजतां येत नाहींत. ११ डिसेंबर २००१ रोजीं चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेंतील खुर्च्या-कपाटें, कापड, जोडे, खेळणीं बनविणाऱ्या गांवांवर जी आपत्ति कोसळली तिचा अंदाज तेव्हांच्या अर्थपंडितांस आला नव्हता. एका ठिकाणचें काम गेलें तर मनुष्य दुसऱ्या ठिकाणीं जाईल असें शास्त्र सांगत होतें. प्रत्यक्षांत तो गेला नाहीं. घर विकत नव्हतें, म्हातारे आईबाप तेथेंच होते, मुलांची शाळा तेथेंच होती. १९९९ ते २०११ या काळांत चिनी मालाच्या चढाओढीनें सुमारे २० लक्षांहून अधिक अमेरिकन नोकऱ्या गेल्या असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. मेक्सिकोकडे गेलेलें काम निराळेंच. इलिनॉय संस्थानांतील गेल्सबर्ग या गांवीं शीतकपाटें बनविणारा मेटॅग कंपनीचा मोठा कारखाना होता. सुमारे १६०० लोकांचा संसार त्यावर चालत असे. २००४ सालीं तो बंद झाला आणि काम मेक्सिकोंतील रेनोसा येथें गेलें. शीतकपाटें देशभर थोडीशीं स्वस्त झालीं असतील. गेल्सबर्गच्या मनुष्याला त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

स्थितिवादाचा दुसरा फांटा येथें बोलूं लागतो. पॅट ब्युकॅनन यांनीं १९९२ पासून हें गाऱ्हाणें मांडलें, तेव्हां त्यांच्याच पक्षानें त्यांची उपेक्षा केली. बाजाराचा हिशेब बरोबर आहे म्हणून समाजाचाहि हिशेब बरोबर असेल, असें पुढारी धरून चालले. ज्यांचें दुःख सभ्य पक्षांनीं ऐकिलें नाहीं, तें पुढें असभ्य भाषेंत बोलूं लागलें, तर दोष केवळ बोलणाऱ्याचा नव्हे. २०१६ सालच्या निवडणुकींत अशा गांवांनीं दिलेलीं मतें हें याच उपेक्षेचें उत्तर होतें.

महाराष्ट्राला हा वाद परका नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. एका देशाला जें हितकर तें सर्व देशांना सर्वकाळ हितकर असतेंच असें नाहीं, असें त्यांत त्यांनीं जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचारांचा आधार घेऊन प्रतिपादिलें. रानडे क्रमाक्रमानें सुधारणा करावी या मताचे. तरीहि बाल्यावस्थेंतील धंद्यांना आधार हवा असें त्यांस वाटे. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८९६ सालीं, बाहेरच्या कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठेवून तेवढाच कर मुंबईच्या व इतर हिंदी गिरण्यांच्या कापडावरहि बसविण्यांत आला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचें नुकसान होऊं नये हा त्याचा उघड हेतु. हा कर उठण्यास १९२५ साल उजाडलें. या देशानें त्यावरून जो धडा घेतला तो असा: जकात चांगली कीं वाईट हा प्रश्न दुसरा, ती कोणाच्या संमतीनें बसते हा प्रश्न पहिला.

आणि याच ठिकाणीं २०२५ च्या जकातींसंबंधीं स्थितिवादी दृष्टीचा खरा कस लागतो. कर बसविण्याचा अधिकार राजाचा कीं प्रजेच्या प्रतिनिधींचा, या एका मुद्द्यावर इंग्लंडांत रक्त सांडलें आहे. पहिल्या चार्ल्स राजानें आरमाराच्या नांवाखालीं पार्लमेंटला न विचारतां कर वसूल केला. राष्ट्रावर संकट आहे, हें कारण सांगितलें. जॉन हॅम्डन या गृहस्थानें तो देण्याचें नाकारलें. १६३७ सालीं खटला चालला. बारा न्यायाधीशांपैकीं सातांनीं राजाच्या बाजूनें व पांचांनीं हॅम्डनच्या बाजूनें मत दिलें. हॅम्डन हरला, पण १६४१ सालीं पार्लमेंटनें तो कर बेकायदा ठरविला आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें हा प्रश्न कायमचा मिटविला. अमेरिकनांनीं आपलें स्वातंत्र्ययुद्ध पुकारलें तेंहि प्रतिनिधींच्या संमतीवांचून कर नाहीं याच तत्त्वावर. म्हणून त्यांच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमांत जकाती बसविण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला आहे.

ट्रंप यांनीं २ एप्रिल २०२५ च्या जकाती बसविल्या त्या १९७७ सालच्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांविषयींच्या कायद्याच्या आधारें. त्या कायद्यांत आयातीचें नियमन करण्याचा अधिकार आहे. जकात हा शब्द नाहीं. वर्षानुवर्षें चालत आलेली व्यापारांतील तूट ही आणीबाणी होऊं शकते काय, आणि नियमन या शब्दांत करआकारणी बसते काय, असा वाद उत्पन्न झाला. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अमेरिकन न्यायालयानें २८ मे २०२५ रोजीं व त्यावरील अपील न्यायालयानें २९ ऑगस्ट रोजीं सरकारच्या विरुद्ध निर्णय दिला. ५ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें युक्तिवाद झाले. या जकातींविरुद्ध न्यायालयांत आपलें म्हणणें मांडणाऱ्यांत नामांकित स्थितिवादी कायदेपंडितहि होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. त्यांतील कित्येकांना ट्रंप यांचीं इतर धोरणें मान्य असतील. परंतु आज आपल्या आवडीच्या माणसाच्या हातीं दिलेली काठी उद्यां नावडत्या माणसाच्या हातीं जाणार, हें जाणणें हाच स्थितिवादी शहाणपणाचा पहिला धडा आहे.

अधिकाराच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न गतीचा. एप्रिलच्या ९ तारखेस देशवार चढे दर अमलांत आले आणि त्याच दिवशीं चीनखेरीज इतरांस ९० दिवसांची तहकुबी मिळाली. चिनी मालावरील नवी जकात त्याच महिन्यांत शेंकडा १४५ पर्यंत गेली आणि मेमध्यें ३० वर उतरली. भारताच्या मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून शेंकडा २५, आणि रशियाचें तेल घेतल्याबद्दल २७ ऑगस्टपासून आणखी २५, मिळून ५० जकात लागूं झाली. सुरतेचे हिरे घासणारे, तिरुप्पूरचे विणकामवाले, आंध्रच्या किनाऱ्यावरील कोळंबीचे शेतकरी, मुंबईंतील सीप्झ भागांत हिऱ्यांचे दागिने घडविणारे कारागीर, या सर्वांच्या पोटापाण्याचा प्रश्न सहा महिन्यांत तीनदां बदलला. कारखाना काढण्यास दोन वर्षें लागतात आणि तो वसूल होण्यास दहा. जकात सकाळीं चढून संध्याकाळीं उतरूं लागली तर संरक्षण मिळालेला धंदाहि भांडवल घालण्यास धजत नाहीं. म्हणजे ज्या गेल्सबर्गसाठीं हा सारा खटाटोप, त्यालाहि त्याचा लाभ होत नाहीं. पील यांनीं धान्यावरील जकात रद्द केली ती तीन वर्षांत पायरीपायरीनें उतरवीत नेऊन. शेतकऱ्याला सांवरण्यास त्यांनीं अवधि दिला. मतभेद असूनहि त्या पद्धतींत स्थितिवादाचा संयम दिसतो.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एवढाच कीं, स्थितिवादी मनुष्यानें जकातीचा कैवारी व्हावें किंवा शत्रु व्हावें असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. नवजात धंद्याला मर्यादित काळ आधार देणें योग्य ठरतें. देशाच्या संरक्षणास अवश्य अशा मालासाठीं परक्यावर अवलंबून न राहणें शहाणपणाचें असतें. आणि गांवेंच्या गांवें उजाड होत असतां केवळ स्वस्ताईचें कौतुक करणें निष्ठुरपणाचें आहे. पण वर्तमानपत्रांत नव्या जकातीची बातमी वाचतांना त्यानें स्वतःस चार प्रश्न विचारावे. ही जकात ज्यांना ती बसविण्याचा परंपरागत अधिकार आहे त्यांनीं बसविली आहे काय? तिचा भार कोणावर पडतो हें लोकांस खरेपणानें सांगितलें आहे काय? ज्यांचे धंदे तिच्यामुळें हालणार त्यांना अवधि दिला आहे काय? आणि ती चूक ठरली तर मुकाट्यानें परत फिरण्याची वाट मोकळी ठेवली आहे काय?

या चारहि प्रश्नांचें उत्तर होकारार्थी असेल तर जकात पसंत नसली तरी ती सोसतां येते, आणि पुढच्या निवडणुकींत बदलतां येते. उत्तर नकारार्थी असेल तर पसंत असलेली जकातहि धोक्याची समजावी. कारण तिच्यामुळें मिळणाऱ्या नोकऱ्या मोजतां येतात, पण मोडलेली वहिवाट पुन्हा रुळावर आणण्यास किती पिढ्या लागतील तें मोजतां येत नाहीं. हॅम्डनला भरावयाचा होता तो कर अवघा २० शिलिंगांचा होता. तो भरण्याची ऐपत नाहीं असें त्याचें म्हणणें नव्हतें. तो मागण्याचा अधिकार राजाला नाहीं असें त्याचें म्हणणें होतें.